आईवडिलांच्या देखत

शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांची यादी छापण्याची प्रथा आहे. कोण अभियंता झाला, कोण प्राध्यापक, कोण परदेशी स्थायिक झाला, कोणाची कन्या वैद्यकीय शिक्षण घेत आहे, हे वाचताना समाजाला होणारा आनंद रास्तच आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या ओसरीवर बसण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या नातवंडा-पतवंडांची ही यादी आहे. परंतु या यादीतील काही नावांच्या मागे घरात आणखी एक नाव असते आणि ते कोणत्याच यादीत येत नाही. एक भावंड निवासी शाळेत आले. दुसऱ्याला अक्षर लागले नाही, पैसे मोजता आले नाहीत, एकट्याने रस्ता ओलांडता आला नाही. ते घरीच राहिले. शिकलेले भावंड पुढे नागपूर, पुणे, मुंबई, कोणी दुबईपर्यंत गेले. घरी राहिलेले आज चाळिशी-पन्नाशीत आहे, आणि त्याला अंघोळ घालणारे हात सत्तरी-पंच्याहत्तरीचे झाले आहेत.

आम्ही काही माजी विद्यार्थी आणि पालक गेली काही वर्षे पौर्णिमेच्या निमित्ताने अशा घरांत जाऊन बसतो. तेथे जे पाहिले, ऐकले, त्यावरून आमचे एक मत बनले आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या पुढील आयुष्याची व्यवस्था आईवडिलांच्या पश्चात करण्याची गोष्ट नव्हे. ती त्यांच्या हयातीत, त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाली पाहिजे. आणि ती एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातलीही नाही, म्हणूनच समाजापुढे ती मांडावयाची.

हा प्रश्न पूर्वी या स्वरूपात नव्हता. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान अमेरिकेत १९८३ च्या सुमारास २५ वर्षांच्या आसपास होते. आज ते ६० च्या घरात गेले आहे. प्रतिजैविके, लसी, हृदयावरील शस्त्रक्रिया, फिट्सवरील औषधे यांमुळे आपल्याकडेही पूर्वी लहानपणीच दगावणारी मुले आता मोठी होतात, म्हातारी होतात. डाऊन सिंड्रोम असलेल्यांना तर स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा बराच लवकर, कधी कधी चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. आई वयामुळे विसरू लागली आहे आणि मुलगाही विसरू लागला आहे, अशी वेळ एकाच घरावर येऊ शकते. २०११ च्या जनगणनेत देशात १५ लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात झाली. ज्या घरांनी प्रगणकापुढे हे मूल सांगितलेच नाही, ती यात कशी धरणार? मोठ्या मुलीचे लग्न ठरावयाचे असले की धाकट्याला आतल्या खोलीत बसविण्याची रीत अजून गेलेली नाही.

या घरांतील दिवस कसा जातो हे बाहेरच्यास सहसा ठाऊक नसते. निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या एका घरी वडील ७६ वर्षांचे आणि मुलगा ४७ वर्षांचा आहे. मुलाची दाढी दर रविवारी वडील स्वतः करीत. आता त्यांच्याच हाताला कंप सुटतो, म्हणून ओळखीचा न्हावी घरी येतो. तो आला नाही तर त्या आठवड्यात दाढी राहते, कारण मुलगा दुसऱ्या कोणाला वस्तरा लावू देत नाही. रात्री दाराला आतून कुलूप असते आणि किल्ली वडिलांच्या उशाखाली. एकदा तो पहाटे उठून स्टेशनापर्यंत चालत गेला होता, तेव्हापासून ही व्यवस्था. दुसऱ्या एका घरी ३८ वर्षांची मुलगी आणि एकटी आई. मुलीच्या पाळीचे चार दिवस आईला किती जड जातात, हे त्या माउलीने आमच्यातील बायकांना हलक्या आवाजात सांगितले. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, आणि मुलीला उभ्याने स्वच्छ करून घेण्याची सवय नाही.

पण ही एकाच बाजूची सेवा आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याच घरात आईला आता नीट दिसत नाही आणि तिच्या गोळ्यांची पाकिटे मुलगी रंगावरून ओळखून देते. सकाळची कोणती, रात्रीची कोणती, यात तिची चूक होत नाही. रेल्वेवाल्यांच्या घरी नळाचे पाणी मुलगाच भरतो. वडिलांनी भरू म्हटले तर रागावतो. कोण कोणाला सांभाळीत आहे हे त्या घरांत बसल्यावर ठरविणे कठीण जाते. सरकारी अर्जात मात्र ‘अवलंबित’ असा एकच शब्द असतो, आणि वस्तीतल्या तोंडी ‘बाळ’. सत्तेचाळीस वर्षांच्या, केस पिकलेल्या गृहस्थाला आपण सारे बाळ म्हणतो, त्याच्यासमोर त्याच्याविषयी त्याला वगळून बोलतो. माया असते, नाही असे नाही. पण बाळ म्हटले की त्याला काय वाटते हे विचारण्याचे कारण उरत नाही. आम्ही त्या घरी जाताना त्यांना नावाने हाक मारून ‘जयभीम’ करू लागलो. आता ते आमच्या आधी हात जोडतात.

या आयांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: माझ्या एक दिवस आधी याने जावे. हे ऐकून कोणी त्या माउलीला कठोर म्हणेल, कोणी तिचे सांत्वन करील. आमच्या मते या वाक्याचा रोख मुलाकडे नसून आपल्याकडे आहे. आपल्या मागे याला कोणी पाणी विचारणार नाही, हे तिने चाळीस वर्षांच्या अनुभवावरून काढलेले अनुमान आहे.

‘भाऊ बघेल’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते ज्या घरांत खरे ठरले ती घरे आम्ही पाहिली आहेत आणि त्या भावांविषयी आम्हांला आदर आहे. परंतु ‘भाऊ बघेल’ याचा व्यवहारातला अर्थ बहुधा ‘वहिनी बघेल’ असा असतो, आणि त्या वहिनीला कोणी विचारलेले नसते. भाऊ नसेल तर बहीण. तिच्या सासरच्या दोन खोल्यांत भावाला आणावयाचे की त्याला एकट्याला माहेरी ठेवून रोज डबा पाठवावयाचा, हे तिने मनातल्या मनात सोडवायचे. घराच्या वाटणीच्या वेळी या भावंडाचा अंगठा हक्कसोडपत्रावर उमटविला गेल्याचेही आम्ही ऐकतो. त्या कागदाचा अर्थ त्याला समजला होता काय, हे कोणी विचारीत नाही. ज्याला सर्वांत जास्त निवाऱ्याची गरज, त्याच्याच नावावरचा निवारा पहिल्यांदा जातो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती अनेक सुशिक्षित पालकांनाही ठाऊक नसते. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते. मुलाची समज किती आहे याचा त्यात विचार नाही. बँकेत खाते चालविताना किंवा जमिनीचा व्यवहार करताना हे अचानक कळते. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो झाला, आणि आईवडिलांच्या मृत्यूनंतरची काळजी व संरक्षण हा त्याच्या उद्दिष्टांत स्पष्ट लिहिलेला विषय आहे. या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. आईवडील स्वतः अर्ज करून आपल्या पसंतीच्या व्यक्तीचे नाव सुचवू शकतात. नेमलेल्या पालकाला मालमत्तेची यादी सहा महिन्यांत आणि हिशेब दरवर्षी सादर करावा लागतो. त्याने हयगय केली तर त्याला दूर करता येते. तोंडी ‘भाऊ बघेल’ म्हणण्यात आणि यात हाच फरक आहे. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते आणि तीत आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा विचारात घेणारे मर्यादित पालकत्व आणले, ही पुढची पायरी.

निवृत्तिवेतनाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. आपल्या समाजाची पहिली स्थिर कमाई रेल्वे, पोस्ट, आयुध निर्माणी, नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या शाळा अशा नोकऱ्यांतून आली. त्या पिढीच्या हातात आज निवृत्तिवेतन आहे. केंद्र व राज्य शासनाच्या नियमांनुसार स्वतः उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या मागे आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. कारखान्यांतील कामगारांसाठी असलेल्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतही कायमच्या पूर्ण अपंग अपत्यासाठी अशी तरतूद आहे. पण हे आपोआप होत नाही. अपत्याचे नाव व अपंगत्व कार्यालयाच्या दप्तरी असावे लागते, वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, त्याच्या वतीने रक्कम कोण घेणार हे ठरलेले असावे लागते. वडील गेले, आईही गेली, आणि मग कागद शोधण्यास सुरुवात झाली की दाखल्याअभावी महिने जातात, कधी वर्षे. आणि त्या काळात तो माणूस जेवतो कोठे? ज्यांनी आयुष्यभर कार्यालयांत टिपणे लिहिली, फायली हलविल्या, असे कितीतरी निवृत्त अधिकारी व कर्मचारी आपल्या विहाराच्या सभांना येतात. त्यांनी महिन्यातील एक रविवार या कामासाठी दिला तर एका वर्षात तालुक्यातील सर्व घरांचे कागद पुरे होतील. भाषणांपेक्षा याची गरज अधिक आहे, असे म्हटल्यास कोणी राग मानू नये.

कागद झाले तरी राहण्याचा प्रश्न उरतो. अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग मुलामुलींचे घर उभे केले. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची मागणी फार जुनी आहे: बालगृहातील अशा मुलांना १८ वर्षांनंतर बाहेर काढण्याचा नियम बदला, ती जन्मभर तेथेच राहू द्या. अठराव्या वाढदिवसाला बौद्धिक अक्षमता संपत नाही, एवढे साधे ते म्हणणे आहे. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेने आपल्या प्रौढ मुलांसाठी ‘घरकुल’ उभारले. पुण्याजवळ मारुंजीला ‘नवक्षितिज’ आहे. यांतील खोणीचे काम पालकांनी एकत्र येऊन केलेले आहे, आणि आम्हांला ते अधिक महत्त्वाचे वाटते. राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ ही सामूहिक निवासाची योजना आहे खरी, परंतु आपल्याकडील बहुतेक तालुक्यांत असे एकही घर नाही.

सरकारने मोठे गृह बांधावे आणि सर्वांना तेथे पाठवावे, असे सुचविणारे काही जण भेटतात. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. १९९४ साली शिरूर येथील शासकीय गृहातील बौद्धिक अक्षम मुलींची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि महाराष्ट्रभर वादळ उठले. पाळीच्या दिवसांतील सेवेची अडचण हे त्याचे एक कारण सांगण्यात आले होते. जेथे नात्याचे कोणी येत-जात नाही, शेजार नाही, तेथे सोय कोणाची पाहिली जाते हे त्यावरून कळावे. घर लहान हवे, सहा-आठ जणांचे हवे, आणि ते वस्तीतच हवे. जेथे न्हावी ओळखीचा आहे, विहाराची घंटा ओळखीची आहे, बहीण सणाला डबा घेऊन येऊ शकते.

विनयपिटकातील एक प्रसंग उपासकांस ठाऊक असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी, स्वतःच्या मलमूत्रात पडलेला. इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. का, असे तथागतांनी विचारल्यावर त्याने सांगितले की मी त्यांच्या काही उपयोगी पडत नाही. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजविले, आणि मग संघ जमवून समज दिली की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? या प्रसंगावर प्रवचने पुष्कळ होतात. ‘उपयोगी पडत नाही’ हे त्या भिक्खूचे उत्तर मात्र बहुधा घाईने ओलांडले जाते. आमच्या विषयाचे मूळ तेथे आहे. गुणवत्तेच्या यादीत जो येत नाही त्याचा संघाशी काही संबंध आहे की नाही, असा तो प्रश्न आहे. आणि तथागतांनी त्याचे उत्तर पाण्याचे भांडे हातात घेऊन दिले.

याच जोडीने आणखी एक गोष्ट. आई गेली की या मुलाला किंवा मुलीला शेजारच्या घरी नेऊन बसवितात, अंत्ययात्रेस नेत नाहीत, ‘त्याला काय कळते’ म्हणतात. मग तो कित्येक महिने संध्याकाळी दारात बसून राहतो, कारण आई कोठे गेली हे त्याला कोणी दाखविलेलेच नाही. त्याला न्यावे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आईच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावण्याचा पहिला मान त्याचा असावा.

आता आमची सूचना. वसतिगृह ही आपल्या समाजाच्या ओळखीची गोष्ट आहे. १९०८ साली कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पुढाकाराने मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. ज्यांना कोणी आपल्या दारात उभे करीत नव्हते त्यांना एका छपराखाली झोपण्या-जेवण्याची जागा देणे, हे आपण शतकभर करीत आलो आहोत. आपल्या निवासी शाळेची वसतिगृहे उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभराहून अधिक रिकामी असतात, दिवाळीतही तेच. त्या काळात पंधरा दिवस तळमजल्यावरील खोल्या या प्रौढ मुलामुलींच्या मुक्कामासाठी खुल्या कराव्यात.

पहिले दोन दिवस आईवडिलांनी सोबत राहावे. तिसऱ्या दिवशी त्यांनी संध्याकाळपुरते घरी जावे, चौथ्या दिवशी रात्रीपुरते. ज्या आईने तीस-चाळीस वर्षांत सलग एक रात्र झोप घेतलेली नाही, तिला ती मिळेल, हा एक लाभ. दुसरा मोठा लाभ असा की आईशिवाय जेवणे, आईशिवाय निजणे हे मुलाने तिच्या जिवंतपणी शिकलेले असेल. तिच्या मृत्यूच्या दिवशी घर, अंथरूण, जेवणाची वेळ आणि माणसे सारे एकदम बदलण्याचा आघात त्याला सोसावा लागणार नाही. मोठे होऊन कायमचे घर उभे राहील तेव्हा राहील. त्यात कोण कोणाशी जमवून घेते, कोणाला रात्री दिवा लागतो, कोणाला गर्दी सोसत नाही, याची माहिती अशा मुक्कामांतूनच गोळा होणार आहे.

लागणारी तयारी फार नाही, पण ती काटेकोर हवी. दोन शौचालयांत कमोड आणि भिंतीला धरण्याचा दांडा. बाहेरून उघडता येईल अशी आतली कडी. प्रत्येकाच्या औषधांचा तक्ता, विशेषतः फिट्सच्या गोळ्यांचा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयाशी आधी बोलणे. दोन प्रशिक्षित विशेष शिक्षक आणि तीन जणांमागे एक मदतनीस; मुलींच्या खोल्यांत केवळ स्त्रिया. स्वयंपाकघर शाळेचेच. खर्चाचे म्हणाल, तर स्मरणिकेच्या जाहिरातींतून जो निधी दरवेळी जमतो त्याचा एक भाग यासाठी बाजूला काढता येईल.

‘ही वेडी माणसे, शाळेच्या आवारात नकोत’ असा आक्षेप काही पालक घेतील. बौद्धिक अक्षमता म्हणजे मनोविकार नव्हे हे त्यांना समजावून सांगावे लागेल, कदाचित दोनदा सांगावे लागेल. शाळेच्या नावाला बाधा येईल असेही कोणी म्हणेल. ज्या शाळेचे नाव ज्यांना आत घेतले त्यांच्यामुळे झाले आहे, तिच्याविषयी ही भीती आम्हांला वाटत नाही. जबाबदारीचा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच संख्या लहान ठेवावी, प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्यावी, आणि पहिल्या वर्षी फार तीव्र स्वरूपाच्या व्यक्तींसाठी आईवडिलांनी संपूर्ण काळ सोबत राहण्याची अट घालावी.

प्रथम नावे हवीत. विहारात एक वही ठेवावी. तीत घराचा पत्ता, व्यक्तीचे नाव व वय, आईवडिलांचे वय, दिव्यांग प्रमाणपत्र आहे की नाही, कायदेशीर पालक नेमला आहे की नाही, औषधे कोणती, आणि त्या व्यक्तीला काय आवडते, एवढे लिहावे. शेवटचा रकाना भरताना आईवडिलांना विचारू नये, त्या व्यक्तीलाच विचारावे. आम्ही चार घरी विचारले तेव्हा मिळालेली उत्तरे अशी: चहा, ट्रॅक्टर, ढोलकी, आणि आईजवळ बसणे. पहिला मुक्काम येत्या बुद्ध पौर्णिमेच्या आठवड्यात ठेवता येईल, आणि त्यासाठी बारा जागा पुरेत.